पाहुणे ठरले, पंगत बसेना

माझा भाचा गेल्या महिन्यात एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड वगैरे झाल्यावर समोरच्या बाईंनी त्याला विचारलं, "इतिहासातल्या कोणत्याही तीन माणसांना रात्री जेवायला बोलवायचं असेल, तर कोणाला बोलवशील?" भाचा तयारीचा. त्यानं धडाधड सांगितलं, "छत्रपती शिवाजी महाराज, स्वामी विवेकानंद आणि अब्दुल कलाम." बाईंनी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं म्हणे.

"आणि जेवायला काय करणार होतास?" मी विचारलं.

"मामा, ते नसतं विचारायचं. तो पर्सनॅलिटीचा प्रश्न असतो."

माझं घोडं इथंच अडलं. तीन माणसं जेवायला बोलवायची आणि जेवायला काय, हे विचारायचं नाही? हा प्रश्न ज्यांनी काढला त्यांच्याकडे जेवण हे गप्पांचं निमित्त असणार. आपल्याकडे गप्पा म्हणजे पानं मांडून होईपर्यंत वेळ काढायचं साधन. एकदा वरणभातावर तूप पडलं की बोलणं संपलं. मग ऐकू येतं ते एवढंच : "इकडे मठ्ठा", "पुरे, पुरे", "अहो, एक तरी जिलबी, माझ्यासाठी". साक्षात आइनस्टाइनला पाटावर बसवलं तरी शेजारचा त्याला सांगणार, "अळूचं फदफदं घ्या, आज चांगलं जमलंय." सापेक्षतेचा विषय निघालाच तर हात धुतल्यावर, सुपारी कातरताना. तोवर निम्मी पंगत लवंडलेली असते.

तरीही प्रश्न डोक्यातून जाईना. आम्ही राहतो डोंबिवलीत. डायनिंग टेबल सहा जणांचं म्हणून घेतलं. एक बाजू भिंतीला लागली, एका खुर्चीवर इस्त्रीचे कपडे कायमचे बसले, उरल्या तीन खुर्च्या. म्हणजे पाहुणे तीन आणि आम्ही दोघं वाढायला, असा हिशेब बरोबर बसत होता. मी पाठकोऱ्या कागदावर १, २, ३ असे आकडे घातले आणि हिला हाक मारली. ही शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे या यादीत एकही नाव सुखासुखी टिकणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

पहिलं नाव अर्थातच महाराजांचं. हिनं तपासायच्या पेपरांवरून मान वर केली. "महाराज आपल्याकडे यायचे नाहीत. आपण जायचं. रायगड चढून." मी गुडघ्याकडे बघितलं. तेव्हा हिनं गडावरच्या जेवणाचीच एक गोष्ट सांगितली. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील आपली माणसं घेऊन गडावर मुक्कामाला होता. खिचडी या मंडळींच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यांच्यासाठी रोज बकऱ्याच्या मांसाची सोय करावी लागली. ज्या म्हाताऱ्या खाटकाकडून ते मांस येत होतं, तो एके दिवशी धापा टाकत अख्खा गड चढून वर आला. कशाला? तर एवढं मांस फस्त करणारी माणसं दिसतात तरी कशी, हे डोळ्यांनी बघायला! फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं हे लिहून ठेवलंय. मला राज्याभिषेकाला आलेल्या सगळ्या वकिलांपेक्षा हा खाटीक आवडला. एक खुर्ची त्याला द्यावी असं मी म्हटलं. पण फ्रायरनं खाटकाची दमछाक लिहिली, नाव लिहिलं नाही. निमंत्रण कोणाच्या नावे द्यायचं?

मग मी गांधीजींचं नाव घेतलं. माणूस साधा, शाकाहारी, मागण्या कमी. ही हसली. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी व्रत घेतलं : दिवसभरात पाचच पदार्थ, आणि सूर्यास्तानंतर काही नाही. आता पाच म्हणजे आपल्याला वाटतं वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर. तसं नव्हे. जिन्नस मोजायचे! आम्ही कागदावर साधे फोडणीचे पोहे मांडून बघितले. तेल एक, मोहरी दोन, हिंग तीन, हळद चार, मिरची पाच. पोहे घालायला जागा उरली नाही. बरं, आजारपणातलं औषधसुद्धा या पाचांतच धरायचं, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे जेवल्यावर प्रत्येक पाहुण्याला पाचक गोळी देण्याची पद्धत आहे. तिचं काय करायचं? शिवाय सूर्यास्ताचं गणित. माझी गाडी डोंबिवलीला पोचते पावणेआठला. यजमान घरी येईपर्यंत पाहुण्याचा दिवस संपलेला. हाफ डे टाकावा, तर मार्चएंडला कोणत्या तोंडानं मागू? "महात्मा गांधी जेवायला येणार आहेत" हे कारण आमच्या ऑफिसच्या रजेच्या अर्जात बसत नाही.

"जरा मागे जाऊ," मी म्हटलं. "देवगिरीचा हेमाडपंत." यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या नावावर सांगितली जाणारी देवळं चुन्याशिवाय उभी आहेत, म्हणजे चुना न लावता बांधकाम करणारा हा माणूस. आमच्या बिल्डरशी त्याची गाठ घालून द्यावी, हा एक अंतःस्थ हेतूही होता. पण हेमाडपंतानं 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड ग्रंथ लिहिला आणि त्याचा एक आख्खा खंड व्रतांचा आहे. शेकडो व्रतं. कोणत्याही तिथीला बोलवा, त्या दिवशी काही ना काही असणारच. "त्याला काय झालं?" मी म्हटलं, "उपासाचं करू. साबुदाण्याची खिचडी."

हिनं पेन खाली ठेवलं. वर्गात एखाद्या मुलानं पानिपत आणि प्लासी एकत्र केलं की ती जशी बघते, तशी माझ्याकडे बघितली.

साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो अमेरिका खंडातला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा. हिरवी मिरचीसुद्धा! पोर्तुगीज गोव्यात आले त्यानंतर हे सगळं आपल्याकडे रुळलं. हेमाडपंताच्या हयातीत यांतली एकही वस्तू देवगिरीच्या बाजारात नव्हती. आता त्या माणसाची कल्पना करा. जन्मभर व्रतांचे नियम लिहिले, कशाला काय चालतं आणि काय चालत नाही याचा काथ्याकूट केला. त्याच्या पुढ्यात आपण बशी ठेवणार आणि सांगणार, "घ्या पंत, निःशंक घ्या, उपासाचं आहे." तो विचारणार, "यातलं नेमकं काय उपासाचं आहे?" मीठ सोडून आपल्याकडे उत्तर नाही. रताळ्याचा कीस म्हणावं, तर रताळंही परदेशी. वरीचे तांदूळ आणि ताक एवढंच निभावलं असतं, पण तेवढ्यावर कोणी पाहुणा सातशे वर्षं ओलांडून येतो का?

त्याच्याही मागे गेलो तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर भेटतो. बाराव्या शतकातला हा खरा खवय्या. 'मानसोल्लास' या त्याच्या ग्रंथात राजाच्या जेवणाचं प्रकरण आहे, आणि ते लिहिणाऱ्याला खाणं आवडायचं हे ओळीओळीतून कळतं. मांड्यांसारखे प्रकार आहेत, वडे आहेत. मी खूश झालो. म्हटलं, हा माणूस आपला! मग हिनं पुढचं सांगितलं. नदीकाठच्या शेतातले काळे उंदीर पकडून तेलात कसे परतायचे, हेही त्यानं लिहून ठेवलंय. डोंबिवलीत उंदरांना तोटा नाही. आमच्या जिन्याखाली एक पिढीजात कुटुंब आहे. पण ते गटारातले, शेतातले नव्हेत. राजाला फरक कळणार. फुली.

एव्हाना कागदावर फुल्याच फुल्या पडल्या होत्या आणि १, २, ३ तसेच मोकळे होते. मी म्हटलं, जेवणाचा नाद सोडू. अलीकडची माणसं घेऊ आणि चहावर भागवू. एकोणिसाव्या शतकातलं पुणं घेऊ : रानडे, गोखले, टिळक. तिघंही एका टेबलाशी. चहा आणि बिस्किटं. यात काय बिघडणार?

"हे एकदा होऊन गेलंय," ही म्हणाली.

आणि खरंच होऊन गेलंय. ऑक्टोबर १८९०. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाला बोलावलं होतं. चाळीसेक माणसं जमली. रानडे होते, गोखले होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटं पुढे केली. आली पंचाईत. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा! पण समोर ट्रे धरून माणूस उभा असताना धर्मशास्त्राची पोथी उघडता येत नाही. काहींनी चहा घेतला. काहींनी मान राखायला कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. सगळे आपापल्या घरी गेले. एवढ्यावर हे संपलं असतं, तर आज त्या चहाची आठवण कोणाला राहिली असती?

पण त्या घोळक्यात गोपाळराव जोशी होते. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान. यजमान म्हणजे नवरा या अर्थी; चहाचे यजमान मिशनरी होते. मात्र चहापानाचा खरा समारंभ साजरा केला तो गोपाळरावांनी. कोण कोण आलं होतं त्या सगळ्यांची नावं त्यांनी 'पुणे वैभव' या वृत्तपत्रातून जाहीर करून टाकली. आजच्या भाषेत सांगायचं तर ग्रुपवर फोटो टाकला, आणि ग्रुपही कोणता, तर आजी-आजोबा, काका-काकू सगळे असलेला! पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं भांडण, झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशी बसली. कोणी कप उचलला, कोणी प्यायला, बिस्किटाचं काय केलं, यावर शास्त्रार्थ झाला असणार. टिळकांनी सांगितलं, आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन मोकळे झालो आहोत. रानडे तर पेशानं न्यायाधीश. दुसऱ्यांच्या गुन्ह्यांची शहानिशा करणारा माणूस कपभर चहापायी आरोपी झाला, आणि शेवटी १८९२ साली मित्रांची अडचण नको म्हणून त्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहिलंय. नवऱ्यानं नमतं घेतलं हे त्या माउलीला मुळीच रुचलेलं नव्हतं. ते वाचताना त्यांचा राग शंभर वर्षांनीही गार झालेला वाटत नाही.

म्हणजे बघा, एक चहा आणि दोन वर्षांचा निस्तार. आता ही मंडळी डोंबिवलीला आमच्याकडे आली, तर कप हातात घेण्याआधी पहिला प्रश्न काय विचारतील? "गोपाळराव येणार नाहीत ना?" आणि मला खोटं बोलता येणार नाही. आमच्या सोसायटीत एक गोपाळराव आहेत. नाव सांगत नाही. कोणाकडे कोणत्या दुकानाचं पार्सल आलं, किती वाजता आलं आणि त्यात कोंबडी होती की नाही, हे त्यांना लिफ्टचं दार उघडायच्या आत कळलेलं असतं.

"मग टिळक आणि आगरकर?" मी चिकाटी सोडली नाही. जुने मित्र, पुढे बिनसलं, समोरासमोर बसवू. १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. तिथे रात्री यांचे वाद इतके चढायचे की पहारेकऱ्यांना सांगावं लागायचं, जरा हळू बोला. आमच्या भिंती डोंगरीच्या तुरुंगापेक्षा पातळ आहेत. शिवाय टिळक येणार म्हणजे सुपारी हवी, आणि शेंगा ठेवायच्या असल्या तर सोलूनच ठेवायला हव्यात.

"एक विचारू?" ही म्हणाली. "खाटकापासून आगरकरांपर्यंत तुम्ही सगळे पुरुषच मोजलेत. बायका काय फक्त रांधायला येणार आहेत?"

मी कागद उलटा केला. पाठकोऱ्या कागदाची मागची बाजू विजेच्या बिलाची होती, म्हणून पुन्हा सुलटा केला.

हिनं मग स्वतःच नावं सांगितली. ताराबाई शिंदे : बुलढाण्याच्या. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्या आल्या तर आधी स्वयंपाकघरात कोण उभं आहे ते बघतील आणि मगच बाहेर माझ्याशी बोलायला येतील. हे बोलणं मला झेपणार नाही, म्हणून मी ते नाव पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलं. (घाबरट म्हणा. मी 'स्त्रीपुरुष तुलना' वाचलीय.) दुसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं, 'स्मृतिचित्रे'वाल्या. यावर आमचं तत्काळ एकमत झालं. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा कहर बघितलेल्या या बाईचे यजमान १८९५ साली ख्रिस्ती झाले. ताटातूट झाली, आणि पुढे १९०० साली त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या. या सगळ्या ओढाताणीत सोवळं-ओवळं आपल्या अंगावरून कसं गळून पडलं, हे त्यांनी असं लिहिलंय की वाचणारा आधी हसतो आणि मग त्याला कळतं की आपण कशाला हसलो. पाहुणा असा हवा. कप उचलून खाली ठेवणाऱ्यांतली ही बाई नव्हे. पिऊन टाकील आणि वर साखर कमी झाली म्हणून सांगेल.

पहिली खुर्ची लक्ष्मीबाईंची. दुसरी रमाबाई रानड्यांची, त्या १८९२ सालच्या रागाला मान म्हणून.

तिसरीसाठी मी महात्मा फुल्यांचं नाव घेतलं. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हिचं म्हणणं, ते नक्की येतील, पण एकटे नाही. वाटेत जो भेटेल त्याला बरोबर घेऊन येतील, आणि तीन खुर्च्यांत ते मावायचं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमचा सगळा इतिहास हा हौदाभोवतीच फिरतोय. पंचहौदातला चहा, फुल्यांचा हौद, १९२७ साली महाडचं चवदार तळं. कोणाला बोलवू हा प्रश्न मुलाखतीतला. आपल्याकडचा प्रश्न कायम हाच : पाणी कुठलं, हात कोणाचा आणि शेजारी कोण?

मग ही कोल्हापूरला गेली. म्हणजे बोलता बोलता गेली. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या हौदाचं पाणी प्यायले म्हणून त्यांना लोकांनी बेदम मारलं. (पुन्हा हौद!) महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांची खबर घेतली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं. नाव 'सत्यसुधारक'. चहा उत्तम. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तर महाराजांनी आपली गाडी या हॉटेलासमोर थांबवायला सुरुवात केली. गाडीतूनच मोठ्यानं चहा मागवायचे. बरोबर जी बडी मंडळी असायची, त्यांच्या हातीही कप जायचा. समोर राजा पितोय म्हटल्यावर कप उचलून खाली ठेवायची सोय राहिली नाही. ज्यांना महाराजांची सही हवी असायची त्यांनाही तिथंच बोलवायचे, असं कोल्हापूरकर सांगतात. अर्ज चहाबरोबरच पुढे सरकायचा.

पुण्यातला चहा आणि कोल्हापुरातला चहा यांत उणीपुरी तीस वर्षं आहेत.

"तिसरी खुर्ची गंगारामांची," मी म्हटलं.

"चहा कोण करणार?"

"मी."

ही काही बोलली नाही. उठली, ओट्याखालच्या फडताळात हात घातला आणि एक स्टीलचा पेला काढून टेबलावर ठेवला. काठाला पोचा आलेला. तो मी लहानपणापासून बघतोय. प्लंबर आला, गॅसवाला आला, जिना झाडणाऱ्या मावशी आल्या की चहा त्यात. आईच्या काळापासूनचा आहे. कोणी कधी ठरवून वेगळा ठेवला नव्हता, आणि आमच्यापैकी कोणी कधी त्यातून प्यायलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा त्या पेल्यात आला. स्टील तापतं, बोटं भाजतात, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून सहा कप एकसारखे आणून ठेवलेत. पेल्यात आता सुटे पैसे असतात.

तर यादी ठरली. लक्ष्मीबाई टिळक, रमाबाई रानडे, गंगाराम कांबळे. चहा आणि बिस्किटं. बिस्किटं साधी ग्लुकोजची, चहात बुडवायची. वेळ संध्याकाळी पाच. चहाला येण्याआधी पाहुण्यांना एक सांगायला हवं : रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, तेव्हा गाड्यांची वेळ बघून निघा.

भाच्याला ती नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला, तेव्हा त्याला ही यादी वाचून दाखवली. म्हणाला, "मामा, हे इंटरव्ह्यूत सांगितलं असतं तर घेतलं नसतं."

वाचकांना एवढीच विनंती की हा बेत आमच्या सोसायटीतल्या त्या गृहस्थांना कळू देऊ नका.